आखूड पाय

आई तळोज्याला उतरत असताना गाडीने हिसका दिला आणि ती डोक्यावरच्या पाटीसकट खडीवर पडली. आमच्याकडची लाइन तेव्हा नवीच होती. मांडीचं हाड पाच महिन्यांनी जुळलं, पण पाय आखूड पडला. मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरणं संपलं. रेल्वेकडून भरपाई मिळाली तर पनवेलच्या बाजारात तिला बसून विकायला एक गाळा घ्यायचा, एवढंच मी डोक्यात धरलं होतं.

पनवेलच्या एका वकिलांनी फी न घेता अर्ज लिहून दिला. चौकशीला रेल्वेचा साहेब येईल, जे आहे तेच सांगायचं, असं त्यांनी बजावलं. मी मान हलवली. पण मी लहानपणापासून सुकी मासळी विकत आलेला. आधी दुप्पट सांगायचं, गिऱ्हाईक पाडून मागतं, मग खऱ्या भावावर यायचं. साहेबही पाडून मागणारच, असं मी धरून चाललो.

म्हणून त्या सकाळी आईला निजवून ठेवलं आणि तिची काठी माळ्यावर टाकली. साहेब ओटीवर बसला. ती उठूच शकत नाही, कूससुद्धा आम्ही बदलतो, असं मी सांगितलं.

"कधीच उठत नाही?"

"कधीच नाही."

त्याने तसंच लिहून घेतलं. घासाघीस नाही, काही नाही. असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यात शेजारची म्हैस शिरली. खुरांचा आवाज ऐकून, मी हलायच्या आत, आई भिंत धरत, लंगडत बाहेर गेली आणि तिला हाकलू लागली. साहेबाने पेनाला टोपण लावलं.

मी त्याच्यामागे धावलो. आता खरं सांगतो, पाय मोजून बघा, म्हणालो. तो थांबेना, तेव्हा नको ते बोललो. दावा खोटा ठरवून अर्ज फेटाळला गेला. वकिलांनी वर दाद मागितली, तिथेही माझा जबाबच आडवा आला.

मग आई म्हणाली, "लंगरी हाय, ती कमी व्हती का रं? मना पांगली कशाला केलीस?"

आज माझी स्वतःची गोदामं आहेत. तरी त्या माणसाचा राग जात नाही. खोटं त्याने पकडलं, ठीक. पण पाय मोजायला त्याला एक दोरी पुरली असती.

त्या वर्षीचा पावसाळा सरल्यावर आईने पाटी पुन्हा काढली, अर्धीच भरली, आणि स्टेशनची वाट धरली.