तळ्याच्या मध्यावरची गाठ

“पोचली म्हणजे चालली असं नसतं, बाबा,” मावशी एकदा म्हणाल्या.

तेव्हा पडद्यावर एक होडी तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागलेली होती. ते तळं ज्याने बनवलं, आणि म्हणून ज्याला आम्ही सगळे तळेवाला म्हणायचो, तो खुर्चीतून अर्धा उठून विचारत होता, की आठ जीबी रॅमवर होडी पोचली की नाही? मावशींनी उत्तर म्हणून हातातला तांबडा दोरा वर धरला. एका फेरीत त्याला चौदा गाठी पडल्या होत्या.

आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. बंद पडलेल्या एका दुकानाच्या वरचे दोन मजले, अकरा माणसं, आणि पाच वर्षं बांधत आणलेला एक प्रदेश. त्यात डोंगर होते, गावं होती, मधोमध ते तळं होतं. खेळणारा एकटा चालत येतो, होडीत बसतो, धुक्यातून पलीकडे उतरतो. गावातल्या माणसांच्या तोंडची वाक्यं मी लिहायचो. खेळाच्या खोक्यावर छापायचा मजकूरही माझ्याकडेच होता. त्या मजकुरातला एक आकडा मात्र माझा नव्हता. हा खेळ सुरळीत चालायला किती मेमरी लागते, तो आकडा मावशी देणार होत्या.

मावशींची खोली बोळाच्या शेवटी. खिडकी नाही. एका लांब टेबलावर तीन सारखी यंत्रं, आणि प्रत्येकाच्या कडेला खडूने लिहिलेलं: ८, १६, ३२. आत शिरलं की तीन पंख्यांची तीन वेगळी घरघर ऐकू यायची. ती ऐकून कुठल्या यंत्राचा जीव मेटाकुटीला आलाय, ते मावशी पाठमोऱ्या बसून सांगायच्या.

मावशी आधी बावीस वर्षं कापडगिरणीत थान तपासायला होत्या. मागून दिवा, पुढून सरकणारं कापड, आणि बारीकसा दोष दिसला की काठाला दोऱ्याची गाठ. “कापडाकडे बघायचं नाही,” त्या सांगायच्या, “कापडाच्या जरा पलीकडे बघायचं. दोष मग आपणहून डोळ्यात येतो.” गिरणी बंद झाली. आमच्या मालकीणबाईंना असा डोळा हवाच होता. मावशींना खेळाचं काहीही येत नव्हतं, ही बाईंच्या मते उत्तमच गोष्ट होती.

इथेही मावशी तेच करायच्या. पडद्याच्या जरा पलीकडे बघत तासन् तास त्या प्रदेशातून चालायच्या. कान पावलांकडे. गवतातलं पाऊल, दगडावरचं पाऊल, लाकडी फळीवरचं. चित्र किंचित अडकलं की पाऊलही अर्धवट पडतं. मग मावशी एका हाताने दोऱ्याला गाठ मारायच्या आणि पुढे चालायच्या. तासाला एक दोरा. भिंतीवरच्या खिळ्यांना असे शेकडो दोरे लोंबत होते. आठच्या खिळ्याला नुसता गुंता.

“मावशी, एवढ्या गाठी मारता, माझं लग्न तरी जमवून टाका त्यात,” तळेवाला म्हणायचा.

“तुझं जमवायला बत्तीससुद्धा पुरायचं नाही.”

दुपारी कधी मी दारात उभा राहायचो. पडद्यावर सकाळ झालेली असायची, डोंगरावर कोवळं ऊन, पायवाटेवर मावशींची लांब सावली, म्हणजे त्या प्रवाशाची. खोलीत दिवा नसायचा. त्यांच्या चष्म्यात एक छोटं तळं हलायचं. त्या कुठे आहेत हे अशा वेळी नक्की सांगता आलं नसतं. हाक मारली तर उत्तर यायला दोन क्षण लागायचे, जणू त्या डोंगर उतरून येत होत्या.

एकदा मी विचारलं, की हे रॅमचं प्रकरण मला एका वाक्यात सांगा, खोक्यावर लिहायला बरं पडेल. त्या हसल्या.

“घरात ओटा असतो आणि कपाट असतं. ओट्यावर मांडलेलं लगेच हाताशी येतं. कपाटातलं काढायला उठावं लागतं. रॅम म्हणजे ओटा. ओटा आठचा असेल तर त्यातले तीनेक जीबी यंत्र स्वतःच्या पसाऱ्यालाच घेतं. उरल्यात हा प्रदेश मांडायचा. काठावर चालताना भागतं. पण तळ्याच्या मध्यावर मागचा काठ अजून दिसतोय, पुढचा दिसायला लागलाय, वर डोंगर, खाली पाण्यात तोच डोंगर उलटा. एवढं सगळं एकदम ओट्यावर मावत नाही. मग यंत्र कपाटाकडे धावतं. तेवढा वेळ, दीडेक सेकंद, होडी थांबते.”

“म्हणजे आडात आहे, पण पोहरा लहान.”

“आता कसं बोललास!”

“आणि बत्तीसचा पोहरा?”

“अर्धा रिकामाच वर येतो. सोळावर तासाला दोन गाठी पडल्या, बत्तीसवर पण दोनच. त्या दोन रॅमच्या नाहीत. तळेवाल्याच्या आहेत.”

प्रश्न होता तो आठ आणि सोळाचा. मालकीणबाईंना खोक्यावर एकच ओळ हवी होती: आठ जीबीवर सुरळीत. लोकांच्या घरी आठच असतं, त्या म्हणायच्या; सोळा वाचलं की माणूस खोकं उचलतो आणि परत ठेवतो. त्यांच्याकडे कागद होता. सेकंदाला सरासरी अठ्ठावन्न चित्रं, आठवरसुद्धा. तो कागद त्या मावशींसमोर ठेवायच्या आणि मावशी तो परत द्यायच्या.

“सरासरी गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो, बाई. किमान आठ, असं लिहा. लगेच सही करते. सुरळीत म्हणाल तर सोळा.”

“दोन ओळी कोण वाचतं, मावशी?”

“विकत घेणारा वाचतो. घरी गेल्यावर.”

नियम बाईंनीच केलेला होता, की चाचणीच्या पत्रावर मावशींची सही झाल्याशिवाय खोकं छापायला जायचं नाही. पहिल्या वर्षी केलेला नियम. पहिल्या वर्षी माणसं असले नियम आनंदाने करतात.

मावशींचा हट्ट मला तोवर हट्टच वाटायचा. मग एकदा चहा पिताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. गिरणीत एकदा घाईच्या दिवसांत वरचा साहेब म्हणाला होता, एवढंसं कोण बघतंय, सोडा. निळं कापड होतं. मधे एका बोटाएवढा धागा उसवलेला. त्यांनी गाठ मारली नाही. वर्षभराने बाजारात एक बाई त्यांच्या पुढे चालत होती, अंगात त्याच निळ्याचा कोट, आणि दोष बरोबर पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे. तिला तो कधीच दिसला नसणार.

“तीन गल्ल्या मी तिच्यामागे चालले,” मावशी म्हणाल्या. “काय सांगणार? पाठ बदला?”

त्यांनी कप विसळून उपडा ठेवला. बराच वेळ त्या भिंतीच्या पलीकडे बघत राहिल्या.

गोष्ट इथेच थांबली असती, तर सरळ होती. पण मावशींच्या घरी त्यांचा थोरला भाऊ होता. आमच्यापैकी प्रत्येकाला तो ठाऊक होता, कारण मावशींचं प्रत्येक तिसरं वाक्य ‘दादा म्हणतो’ने सुरू व्हायचं. दादा जन्मभर होडी चालवायचा, माणसं अलीकडून पलीकडे न्यायचा. मग पूल झाला आणि होडी बंद झाली. नंतर गुडघे गेले आणि चालणंही बंद झालं. आता तो खिडकीशी बसून असायचा. त्याच्याकडे एक जुनं यंत्र होतं, मावशींनीच आणून दिलेलं. आठचं. त्यात आणखी रॅम बसवायला जागाच नव्हती. आणि तळ्याबद्दल ऐकल्यापासून दादा दर आठवड्याला एकच विचारायचा: आठमध्ये चालेल ना?

मावशी सांगायच्या, अजून बघतेय.

बाईंना हे माहीत होतं. शेवटच्या बैठकीआधीच्या शुक्रवारी त्यांनी खेळाची चाचणीची प्रत मावशींच्या हातात दिली. “घरी न्या. दादांना खेळू द्या. मग सोमवारी सही करा.” त्यात डाव होता की माया, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं.

रविवारी दुपारी मावशींनी मला बोलावून घेतलं. यंत्राच्या तारा सरकवायला दुसरा हात हवा होता. खोली लहान, खिडकीत जुना पितळी कंदील, कोपऱ्यात उभं केलेलं वल्हं. दादा मावशींपेक्षाही बारीक. मला बघून म्हणाला, “तो लिहिणारा का हा? मग गावातली माणसं एवढी कमी का बोलतात?”

“एकटा लिहितो, दादा. हात दुखतात.”

“माझे नाही कधी दुखले, रोज दोनशे माणसं नेली तरी.”

खेळ सुरू झाला. दादाने पायवाट धरली आणि अर्धा तास नुसता काठाने चालत राहिला. वेतावर वारा होता, पाण्यावर पाखरं बसली होती. मावशी त्याच्या मागे उभ्या होत्या, हातात तांबडा दोरा. एकही गाठ पडली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी सैल होताना दिसलं.

मग दादा होडीत बसला. पाठ सरळ झाली. दोन बोटं बटणांवर होती, पण खांदे वल्हं मारत होते; खोलीत बसूनही मला पाण्याचा गार वास आला. धुकं जवळ आलं, मागचा काठ फिका झाला, पुढे एक निळसर रेघ उमटली. आणि होडी थांबली. दीड सेकंद असेल. पाणी थांबलं, धुकं थांबलं, दादाचे खांदे मात्र तसेच पुढे गेले आणि रिकाम्यात पडले.

त्याने चटकन हात वर उचलले.

“खाली काय आहे गं, धाकटे?”

“काही नाही. यंत्र कपाटातून सामान काढतंय.”

“पाण्यात कपाट?” तो हसला. होडी पुढे सरकली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तो हसला नाही. त्याने होडी वळवली आणि आलेल्या काठाला परत आणून लावली, अगदी अलगद, जणू आत माणसं बसलेली होती.

“मोठं यंत्र आणू आपण,” मावशी म्हणाल्या. “होईल सोय कधीतरी.”

“कधीतरी आण. खोक्यावर काय लिहिणार आहात?”

मी वल्ह्याकडे बघत होतो.

“ठरलेलं नाही,” मावशी म्हणाल्या.

“बाई काय म्हणतात?”

“आठ म्हणतात. आठ लिहिलं तर तुझ्यासारख्या कितीतरी लोकांच्या घरी जाईल, म्हणतात.”

“हं.” दादा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर समोरच्या घराची भिंत होती, त्यावर उन्हाचा एक चौकोन. “होडीत बसवताना मी कुणाला पाणी खोल नाही असं सांगितलं नाही कधी. खोल असेल तर खोल सांगायचं. बसायचं तर बसेल, नाहीतर काठावर थांबेल. काठ काय वाईट असतो?” मग त्याने हात पुढे केला. “दे तो दोरा.”

मावशींनी दिला. दादाने त्याला एक गाठ मारली. मावशींच्या गाठीसारखी नव्हे. होडी खुंट्याला बांधतात तसली, दोन वेढ्यांची. ओढून पाहिली. बसली.

“लिही सोळा,” तो म्हणाला. “मी काठावरून बघेन.”

आणि पडद्यावर तो पुन्हा चालू लागला, वेताच्या कडेने, न अडखळता.

सोमवारी दुपारी बैठक झाली. बाई टेबलाच्या टोकाला, शेजारी तळेवाला, इकडे मी, समोर मावशी. मधे चाचणीचं पत्र. दोन चौकोन: किमान, आणि सुरळीत. पहिल्यात आठ आधीच छापलेलं होतं. दुसऱ्यातही आठच, पण पेन्सिलीने, सही होईपर्यंतचं.

“मग, दादांना आवडलं का?” बाईंनी विचारलं.

“खूप,” मावशी म्हणाल्या.

“बघा! आठवर!” तळेवाला मला कोपराने ढोसत म्हणाला. बाईंनी पेन उघडून पुढे सरकवलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मावशी, पाच वर्षं झाली. एका दीड सेकंदासाठी आपण लोकांना दारातूनच परत पाठवायचं का? तुमच्या दादांनाही?”

मावशींनी रबर घेतलं. पेन्सिलीचं आठ खोडलं, नीट, कागद चुरगळू न देता, आणि भुगा तळहाताने गोळा केला. मग शाईने १६ लिहिलं. खाली सही केली. पदराच्या गाठीतून तांबडा दोरा काढून पत्रावर आडवा ठेवला. लांबलचक कोरा दोरा, आणि शेवटाकडे एकच गाठ, दोन वेढ्यांची.

तळेवाल्याने तो उचलला, गाठ नखाने सोडवून पाहिली. सुटली नाही. त्याने बाईंकडे दिला. बाई तो बोटांत धरून बसल्या आणि पुढ्यातला पेन्सिलीचा पुसट ठसा बघत राहिल्या. मग त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं, छापायला.

मावशींनी खुर्ची मागे सारली. रबराचा भुगा कोपऱ्यातल्या टोपलीत झटकला, चष्मा काढून मिटला, दार उघडलं, आणि बाहेर गेल्या. बोळातून त्यांची पावलं ऐकू येत राहिली, एकसारखी, जिन्यापर्यंत.