मागे उभे असलेले शेषराव

गोपाल कॅमेरा शिकला तो कुण्या वस्तादाकडे नाही, कागदावरून. अंजनगाव सुर्जीजवळच्या मळ्यात त्याचे वडील शेषराव झेंडू अन् वांगी पिकवायचे, आणि हा पठ्ठ्या अमरावतीत एका स्टुडिओत नोकरी करता करता कॅमेऱ्याच्या इंग्रजी मार्गदर्शिका मोबाइलवर उतरवून घ्यायचा, त्यांच्या प्रिंटा काढून स्पायरल बाइंडिंग करायचा. इंग्रजी जेमतेम. एकेका पानाला तीन-तीन दिवस लागायचे. तरी शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, सगळं त्याने डोक्यात कोंबलं. एका वाक्याखाली तर लाल पेनाने रेघ ओढली होती: लेन्सचं तोंड पूर्ण उघडा, मुख्य माणूस स्पष्ट ठेवा, मागचं सगळं धूसर होऊ द्या. म्हणे यालाच सिनेमा म्हणतात. ते पान लिहिणाऱ्याने वऱ्हाडातलं लग्न कशाला पाहिलं असेल!

स्टुडिओचे मालक धर्मपालभाऊ यांनी त्याला बजावलं होतं. ते पंचवीस वर्षं लग्नंच काढत आलेले.

"अबे, आपल्या इकडं लगन काई नुसतं नवरीचं नसते. मांगं जे उभे रायतेत ना, त्याइचं असते. मामा, काका, फुफाजी, सारे साफ दिसले पायजेत."

गोपाल गालात हसला. हॅलोजन लावून वऱ्हाडी मंडळींना पापडासारखं भाजणाऱ्या या जुन्या लोकांना काय कळतं, असं त्याला वाटलं. चार पानं वाचली की माणसाला अशी मिजास चढते.

शेषरावांना मात्र या धंद्याचीच चीड. "हे काई काम हाय का? लोकं जेवून राहिले अन् हा त्याइच्या तोंडासमोर डबा धरून उभा!" असं ते चारचौघांत म्हणायचे. स्वतः कधी फोटोला उभे राहिले नाहीत, कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे. गोपालला ते फार लागायचं. बापाने एकदा, फक्त एकदा 'चांगलं केलं' म्हणावं, एवढ्यासाठी तर तो त्या पानांशी झटत होता.

मग गोदाबाई आत्याच्या पिंकीचं लग्न अकोटला ठरलं आणि शूटिंग गोपालकडे आलं. शेषराव म्हणजे नवरीचे सख्खे मामा. वरमाला त्यांनी स्वतःच्या मळ्यातल्या फुलांच्या, स्वतः गुंफल्या. मंगलाष्टकांना ते पिंकीच्या मागे उभे राहिले, पांढरंशुभ्र धोतर अन् गुलाबी फेटा घालून. आणि त्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली नाही. अंतरपाट धरायच्या आत फेटा नीट केला, मान ताठ केली आणि थेट लेन्समध्ये बघत पोराला विचारलं,

"गोपाल, मी दिसून राहिलो ना रे?"

गोपालचं सगळं ध्यान पिंकीच्या पापण्यांवर. छोट्या स्क्रीनवर तिच्या खांद्यामागे एक गुलाबी धब्बा होता आणि तो त्याला फार सुंदर वाटत होता.

"हो बाबा, दिसून राहिले."

फिल्म तयार झाली. अकोटात बोलबाला झाला, पोट्ट्यांनी स्टेटसला ठेवली. शेषराव म्हणाले, वांग्याची तोड होऊ दे, मग निवांत पाहतो. तोड झाली नाही. मळ्यातच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीच्या आधी फोटोला हार घालायची वेळ आली, तेव्हा घरात फोटोच नव्हता. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये शेषराव होते, पण पाठमोरे, नाहीतर पंगतीत खाली मान घालून वाढताना. आधार कार्डावरचा चेहरा पाहून तर गोदाबाईने तोंडाला पदर लावला.

"तुया शूटिंगमधी दादा हाय ना? थ्यातून काढ फोटो," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर त्याच्या शेजारी येऊन बसली.

गोपालने फिल्म पुढे-मागे केली. पिंकीची पापणी न् पापणी मोजता येत होती. वरमालेतल्या झेंडूची पाकळी न् पाकळी मोजता येत होती. ती गुंफणारा माणूस तेवढा मागे विरघळून गेला होता. त्याने चित्राची धार वाढवून पाहिली, धब्ब्याच्या कडा काळ्या झाल्या, नाक-डोळे काही उगवले नाहीत. स्पायरलची सगळी पानं उलटली तरी त्यावर इलाज नव्हता, हे त्याला पाठ होतं. स्वतःच्या हाताने बाप पुसला, असं त्याला वाटलं.

शेवटी त्याने संगीत न चढवलेले मूळ तुकडे उघडले, एखाद्यात तरी चेहरा सापडेल म्हणून. चेहरा नव्हता. आवाज मात्र माइकने स्वच्छ पकडला होता.

"गोपाल, मी दिसून राहिलो ना रे?"

"हो बाबा, दिसून राहिले."

गोदाबाई पडद्यावरच्या गुलाबी धब्ब्याकडे बघत राहिली. मग तिने भाच्याकडे पाहिलं.

"खोटं काहून सांगतलं रे त्याले?"