अर्धा नवस

बाईंचा नवस अर्धाच पुरा झाला होता, आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर प्रसादाचं आमंत्रण टाकून मोकळा झालो.

बाई म्हणजे शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाई. बेने इस्रायली ज्यू, मूळच्या कोकणातल्या, टोमणा मात्र अस्सल पुणेरी. हडपसरला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळेतही त्या माझ्या डोक्यावरच असत. मुलगी इस्रायलला, नातू तिथल्या सैन्यात. आणि बाईंच्या समोरच्या दारात फार्मसी शिकणारा यूसुफ. त्याची आई गाझात.

युद्ध पेटलं तेव्हा बाई नवस बोलल्या: नातू आणि यूसुफची आई, दोघं सुखरूप राहिले तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे खोबरं घातलेले गोड पोहे, फळं आणि एलियाहू नबीची प्रार्थना.

यूसुफ भडकला. त्याला मराठी कळायचं, बोलायचा हिंदी. "आपका नाती उधर बंदूक लेके खड़ा है. मेरी माँ का नाम मत लो."

"उभा आहे खरा," बाई म्हणाल्या. "ते मी लपवत नाही. तुझं घर पाडलं, तेही लपवत नाही. नाव मात्र घेणार."

त्यानं दार आपटलं. बाई रोज सकाळी तेच दार वाजवायच्या. "आईचा फोन?" आधी तो दारच उघडेना. मग मान हलवू लागला. मग एके दिवशी त्यानंच विचारलं, "नाती कैसा है?" पुढे त्यानं बाईंचा नंबर आईला देऊन ठेवला.

मध्येच मी त्या दोघांना जिन्यात गाठून शांततेचा तोडगा समजावला होता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतला. "पार्किंगच्या कमिटीत तूच होतास ना? काय झालं तिचं?"

"बरखास्त झाली."

"हं. चल, बाजूला हो."

मग यूसुफच्या आईचा तंबू हलला आणि फोन बंद झाला. त्यानंतर कधीतरी नातू गणवेश उतरवून घरी परतला. बाईंच्या तोंडून ते ऐकलं आणि मी त्यांच्या दारातच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं: बाईंचा नवस पुरा झाला, शनिवारी मलिदा! शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा चूलसुद्धा पेटत नाही, हे अर्थातच माझ्या गावी नव्हतं.

पहिला धावत आला यूसुफ. अनवाणी. "बाई! अम्मी का फोन आया? आपको?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या छड्या परवडल्या. मग यूसुफचा हात धरून त्याला आत बसवलं. मागोमाग केळी घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "अर्धा नवस फेडत नाहीत. नातवालाही तेच सांगितलंय. तोही थांबेल."

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि बाई मुलीकडे निघाल्या. जाताना त्यांनी यूसुफला पोहे भिजवायला शिकवलं, प्रार्थना मराठीत सांगितली. "तू तुझ्या भाषेत म्हण. आईचा फोन येईल त्या दिवशी करायचा. मी असेन, नसेन."

मला भरून आलं. म्हटलं, "बाई, निश्चिंत जा. मलिदा मी करीन."

"तू? तुला चहा धड जमत नाही. तू नारळ फोड. बाकीचं यूसुफ बघेल."