मजकूर आमचा, शिक्का त्यांचा

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात एक्स्पोर्टची सगळी कागदपत्रं मी बघते. एकोणीस वर्षं झाली. कारखाना छोटा, माणसं तीसेक, आणि माल एकच, व्हॉल्व्ह. साधा नळाचा नव्हे हं. याच्या पोटात पातळ पत्र्याची घड्याघड्यांची नळी असते, त्यामुळे आतला वायू जरासुद्धा बाहेर गळत नाही. औषधांच्या कारखान्यांना तो लागतो. आणखी कुणाला लागतो, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

हा माल बाहेरदेशी पाठवायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि परवान्यासाठी गिऱ्हाइकाचं पत्र. हा माल आम्ही अमुक कामाला, अमुक ठिकाणी वापरू, दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं त्याच्या लेटरहेडवर, त्याच्या सहीशिक्क्यानं. आता गिऱ्हाईक कसलं लिहितंय! आठ-आठ दिवस उत्तर नाही, आलं तर दोन अर्धवट ओळी. इकडे माल पॅक होऊन पडलेला. फोन करून करून माझा जीव जायचा. शेवटी साहेबच म्हणाले, तूच ड्राफ्ट करून पाठव, त्यांना नुसता शिक्का मारू दे. साहेब म्हणजे आमचे मालक. स्वतः इंजिनियर, हात काळे करून मशीनवर उभे राहणारे, पण कागदाचा मनापासून कंटाळा. मी पुढ्यात काही ठेवलं की सही कुठे करायची, एवढंच विचारायचे.

तर मी ड्राफ्ट करायला लागले. आमच्या लाइनीत बरेच जण करतात. पण माझं एकही पत्र कधी परत आलं नाही, आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा होता. एका गिऱ्हाइकाचा माल खरंच समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पात गेला होता. ते पत्र फार छान जमलं होतं. मग पुढच्यालाही तेच, नाव-पत्ता बदलून. त्याच्या पुढच्यालाही. डबा खाता खाता व्हायचं काम.

गेल्या वर्षी आखातातला एक नवा व्यापारी लागला. त्याचे तीन लॉट गेले आणि चौथा न्हावा शेव्याला बंदरात अडकला. आधी बँकेचा मेल आला. या व्यापाऱ्यामागची खरी कंपनी निर्बंधांच्या यादीत आहे, एका देशाच्या अणुकार्यक्रमाला चोरून माल पुरवते म्हणून. मी मेल दोनदा वाचला. म्हटलं, आमच्या व्हॉल्व्हचा आणि अणुबॉम्बचा काय संबंध? कायच्या काय.

आठवड्यानं चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाज एकदम खाली. त्यांनी समजावून सांगितलं की युरेनियमचा वायू खेळवायलाही असाच न गळणारा व्हॉल्व्ह लागतो, परवान्याची भानगड आहे ती त्यासाठीच. मग त्यांनी फायलीतून पाच गिऱ्हाइकांची पाच पत्रं काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"मॅडम, पाच देशांतली पाच माणसं शब्दाला शब्द सारखं कसं लिहितात?"

मी साहेबांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत बसलेले. बाईंनी पुढे विचारलं, या व्यापाऱ्याचा पाण्याचा प्रकल्प आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मीच त्याला प्रकल्प देऊन टाकला होता. त्या माणसाला साधं खोटं बोलायचेही कष्ट पडले नव्हते. ते काम मी केलं होतं, फुकटात, चांगल्या इंग्रजीत. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि नेहमीसारखं म्हणाले, ड्राफ्ट कर. मी वही उघडली. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली. ही पत्रं आमच्या एक्स्पोर्ट असिस्टंटनं परस्पर तयार केली, व्यवस्थापनाला कल्पना नव्हती. मग जरा थांबून म्हणाले, तुला कामावरून काढणार नाही, फक्त कागदावर असू दे. लायसन गेलं तर तीस घरांचा प्रश्न आहे.

माझं डोकंच फिरलं. आतापर्यंत सगळ्यांच्या वतीनं लिहिलं, आता माझ्याविरुद्धचंही मीच लिहायचं? असल्या कागदावर एकदा नाव चढलं की रबाळ्यातच काय, या लाइनीत कुठेच मला कुणी दारात उभं करणार नव्हतं. केस झाली असती ती वेगळीच. त्या संध्याकाळी नेरूळला घरी गेले, कुणाशी धड बोलले नाही. मुलीनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

सकाळी येऊन टाइप करायला बसले. ते वाक्य अर्धं लिहिलं आणि अडकले, कारण अर्धं खरंच होतं. पत्रं मीच लिहिली होती. परस्पर मात्र नाही. मी ते खोडलं आणि सरळ लिहिलं की पत्रांचा मजकूर आमच्याच ऑफिसात तयार झाला, आमच्या असिस्टंटनं तो मालकांच्या सांगण्यावरून लिहिला, आणि माल नक्की कुठे बसणार हे आम्ही कुणालाही विचारलं नाही.

आता साहेब न वाचता सही करतात. गुपचूप पुढ्यात ठेवलं असतं तर केलीही असती. तसा मोह झाला मला, खोटं कशाला बोलू. पण मग त्या पाच पत्रांत आणि यात फरक काय राहिला?

"साहेब, हे वाचून सही करा."

वाचायचं काय त्यात, म्हणाले आणि पेन उघडलं. मी कागदावर हात ठेवला. तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि ओळ न ओळ वाचली. कान लाल झाले त्यांचे. हे असं गेलं तर लायसन जाईल, म्हणाले.

"जाऊ दे साहेब. पण मी एकटी जाणार नाही."

 साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी 'मालकांच्या सांगण्यावरून' यातल्या 'मालकांच्या'वर काट मारली.  काट मारलेल्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'माझ्या' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

लायसन वर्षभरासाठी बंद झालं. सहा माणसं दुसरीकडे गेली, त्यातली दोन माझ्याशी अजून बोलत नाहीत. चौथा लॉट बंदरातून परत आला. पहिले तीन कुठे बसलेत हे साहेबांना माहीत नाही, आणि मलाही नाही.