मळवटाचं पहिलं बोट

नवऱ्याने मला दोन गोष्टी दिल्या, कपाळावरचं कुंकू आणि पत्र्याची एक पेटी. पुढे कुंकवाचा धनी गेला तेव्हा घरातल्या दोघींचं पोट पेटीवर होतं, आणि पेटी उघडायची तर कपाळावर कुंकू लागायचं. नवरी सजवायला विधवेला कोण बोलावणार? या पेचात मी पाच वर्षं काढली. खोटं बोलायला फार ताकद लागते, हे तेव्हा कळलं. त्याचा शीण अजून अंगातून गेलेला नाही.

आम्ही हिंगोलीचे गुरव. सासरे वारले आणि थोड्याच वर्षांत देवळाची पूजा भावकीकडे गेली. घरात सासू, नवरा आणि मी. नवऱ्याला बेलपत्रीपेक्षा रंगांचा नाद. गावात नाटक कंपनी आली, ती निघाली तेव्हा हाही तिच्याबरोबर नटांची तोंडं रंगवायला गेला. पहिली दोन-तीन वर्षं दिवाळीला घरी यायचा. एका दिवाळीला त्याने मला आरशासमोर बसवून माझं तोंड रंगवलं आणि सासूपुढे नेऊन उभं केलं. सासू म्हणाली, "कोन पाव्हणी आली रं?" तो हसता हसता खालीच बसला. जाताना जुनी पेटी घरी टाकून गेला, कंपनीने नवी दिली होती म्हणे. त्यानंतर पत्रं कमी झाली, मग बंदच झाली.

पेटीत होतं तरी काय? तोंड गोरं करायचा, दगड झालेला सफेदा, गालाला लावायच्या लालीचा अर्धा तुकडा, केस झडलेला कुंचला आणि कोपरा उडालेला आरसा. शेजारच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा गंमत म्हणून मी तिचे डोळे काजळाने रेखले आणि ती लाली जराशी बोटावर घेऊन गालांना पुसली. वऱ्हाडातल्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. आठवड्याने पुसेगावाहून बैलगाडी दारात उभी, "पेटीवालीला धाडा." असं माझं नाव पडलं.

मग पेटी भरायला लागले. काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली पालथी घालून धरलेलं. मेण मधाची पोळी काढणाऱ्यांकडून, ते गाळून डबीत भरलेलं, कारण मेणाशिवाय कुंकू कपाळावर टिकत नाही. विरळ केसांच्या मुलींसाठी जत्रेतून आणलेलं एक गंगावन. लाकडी फणी. कुंकूही घरीच करायची. हळकुंडांना आपल्याकडे तोटा नाही. एकेक वस्तू जमवायला महिना महिना जायचा, पण जमली की पेटी उघडून नुसती बघत बसायची. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

त्या पुसेगावच्या पहिल्याच लग्नात मी माती खाल्ली. जुना सफेदा फुटेना म्हणून बाजारातून नवा नेला होता. त्यात दुकानदाराने चुना मिसळलेला. नवरीला सकाळीच हळद लागलेली. मी ओल्या फडक्याने तिच्या गालांवर सफेदा फिरवला, आणि बघता बघता गाल लाल, नाक लाल, हनुवटी लाल. हळदीला चुना लागला की काय होतं, हे घरी कुंकू करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागतं का? पण अक्कल त्या दिवशी हिंगोलीच्या बाजारातच राहिली होती. नवरीची मामी म्हणाली, "ही नवरी हाय का शेंदूर फासलेला म्हसोबा?" मी खोबरेल तेलाने सगळं पुसून काढलं, तिचा सावळा रंग तसाच ठेवला आणि फक्त डोळे आणि केस केले. तीच नवरी सगळ्यांना आवडली. सफेदा मी येताना ओढ्यात फेकून दिला.

चार उन्हाळे असे गेले. मग एका दुपारी कंपनीतला एक माणूस हातात गाठोडं घेऊन दाराशी आला. दूर कर्नाटकात मुक्काम होता, माझ्या नवऱ्याला ताप आला, चार दिवसांत गेला. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. दोन महिने मी मेलेल्या माणसासाठी कुंकू लावत होते.

सासूने त्या माणसाला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि दार लोटलं. मग जात्यापाशी बसली, मुठीने ज्वारी घातली आणि फिरवायला लागली. मला म्हणाली, "रड आता. जात्याच्या आवाजात रड, भाईर ऐकू जाऊ देऊ नको." दिवस कलेपर्यंत ती दळत होती. मी कपाळाकडे हात नेला तर तिने मनगट धरलं. "पुसू नको. माझं पुसलं तवा घरात पूजा होती. तुझं पुसलं तर घरात काय हाय? परवा कळमनुरीचं लगीन धरलंस नव्हं?"

तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, आणि ती माझं कुंकू राखत होती. मला तिचा राग आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. केलं काहीच नाही. पीठ भरून ठेवलं.

कळमनुरीला गेले. नवरीचे केस केले, डोळे केले. शेवटी मळवट राहिला, म्हणजे कपाळभर कुंकू. मेण लावलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि ते पोरीच्या कपाळाजवळ जाऊन थांबलं. पुढे जाईना. ही पोर माझ्यामुळे रांडावली तर? एवढंच मनात. भोवती बायका खोळंबलेल्या. मी तोंडाला येईल ते बोलून गेले, "मळवटाचं पहिलं बोट आईचं. आमच्याकडं तशी रीत हाय."

आईला भरून आलं. तिने पदराने हात पुसून पहिलं बोट लावलं, बाकीचा मळवट मी भरला. आईचं बोट आधी लागलं म्हणजे माझं पाप निम्मं, अशी मनाची समजूत. नंतर माझी ओटी भरायला बाई आली तेव्हा पदर पुढे करवेना. सवाष्णीची ओटी ती, पदरात कोणत्या तोंडाने घेऊ? "पदराला काजळ लागलंय," म्हणत पेटीचं झाकण पुढे केलं आणि नारळ-तांदूळ त्यात घेतले. तेव्हापासून हे दोन्ही कायमचं झालं.

दोनेक वर्षांनी सेनगावकडच्या एका लग्नात मी मेण लावत होते, तेवढ्यात एक म्हातारी माझ्यावर खेकसली, "अगं, आधी आईचं बोट! आज्या-पंज्यापासून चालत आलंय, अन् तुला म्हाईत न्हाई?" मी आईला पुढे बोलावलं. रीत जुनी व्हायला वर्षं लागत नाहीत, एका म्हातारीने ठणकावून सांगितलं की झालं. पूर्वी असं काही घडलं की घरी येऊन हसून सांगायची. त्या दिवशी घरी आले, पेटी कोपऱ्यात टाकली आणि भिंतीला टेकून बसले. गाडीचे हिसके, लग्नघरची गडबड, आणि दिवसभर तोंडावर सवाष्णीचं हसू. या तिन्हीत हसण्यानेच जास्त अंग दुखायचं.

राज्य बदलायच्या आधीच्या उन्हाळ्यात हट्टा गावाहून बोलावणं आलं. दिवस बरे नव्हते, लुटालूट चालली होती, जो तो पोरी उजवून टाकायच्या घाईत होता. घर मोठ्या जमीनदारांचं. नवरीचा बाप नव्हता. आई होती, पण ती कोठीच्या दाराआड, मोकळ्या कपाळाने.

मळवटाची वेळ आली आणि बायका सवयीने बोलून गेल्या, "आधी आईचं बोट!" मग सगळ्यांच्या नजरा कोठीच्या दाराकडे गेल्या. चुलती पुढे झाली. "मी लावते. मी बी आईच की."

पोरीने तोंड फिरवलं. "आई लावल, न्हाई तर मला मळवटच नको."

दाराआडून आवाज आला, "हट्ट करू नको, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या भीतीपोटी मी काढलेली रीत, आणि ती या बाईच्या जिवावर आली होती. मी नसते, तर ती निदान मुकाट्याने दाराआड उभी राहून बघू शकली असती.

तेवढ्यात तिने मला आत बोलावलं, कुंकवाचा करंडा द्यायचाय म्हणून. कोठीत हळदीच्या पोत्यांमध्ये ती उभी होती. माझ्याच वयाची. हळू आवाजात म्हणाली, "माझी बहीण पुसेगावची. तिनं सांगितलं, पेटीवाली ओटी पदरात घेत न्हाई, झाकनात घेती. सवाष्ण बाई असं काहून करल? मी तवाच वळखलं." मग जवळ येऊन म्हणाली, "कधी गेले?"

पाच वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "पाच वर्षं झाली," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. आता ही बाहेर जाऊन सांगणार, मग पेटी बंद आणि सासूच्या म्हातारपणी चूल बंद, हे सगळं दिसत होतं, तरी रडू थांबेना.

ती म्हणाली, "मग पहिलं बोट तुमीच लावा."

"तुमाला भ्या वाटत न्हाई?"

"कशाचं भ्या? माझा मळवट माझ्या आईनं भरला. भरल्या घरची सवाष्ण होती. काय झालं माझं?" तिने पेटाऱ्याच्या तळातून कापडात गुंडाळलेला करंडा काढला. "माझं सगळ्या गावाला म्हाईत हाय, म्हणून मला लावता येत न्हाई. तुमचं कोनाला म्हाईत न्हाई. माझ्या जागी तुमी लावा. अन् हा घेऊन जा, ऱ्हाऊ द्या तुमच्या पेटीत."

मी डोळे पुसून बाहेर आले. "आईनं करंडा दिलाय, तिचंच बोट समजा," असं सांगितलं. चुलती बाजूला सरली. मेण लावलं, करंडा उघडला. कुंकू वाळून घट्ट झालं होतं आणि त्यात मधोमध बोटाचा खोलगट ठसा होता. शेवटचं लावलं त्या दिवसाचा, तिचाच. मी माझं बोट त्याच ठशात घातलं आणि पोरीच्या कपाळावर टेकवलं. पोरीने डोळे उघडून माझ्या खांद्यावरून कोठीच्या दाराकडे पाहिलं.

मळवट भरून झाला. चुलती ओटीचं ताट घेऊन आली आणि पेटीचं झाकण कुठे आहे ते शोधायला लागली. मी झाकण पेटीला लावून टाकलं, आणि पदर पसरला.