मोटेच्या बैलांनी उचललेलं इंजिन

आमच्या परड्यात चिंचेखाली एक मोटार उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चालत होती. कापडी टपाची, लांब नाकाची, दोन्ही अंगांना पायऱ्या असलेली. सासऱ्यांनी ती सांगलीच्या एका वकिलाकडून घेतलेली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी तिला रॉकेल पाजलं. कोण काय सांगेल त्याप्रमाणं आणखी काय काय घातलं देव जाणे. एक दिवस आष्ट्याच्या बाजाराहून येताना तिनं मान टाकली ती टाकलीच. बैल जुंपून तिला घरी आणली आणि चिंचेखाली लावली.

मालक तेव्हा फौजेत होते. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि मी या वयात ती सवय मोडणार नाही. आधी मिसरात, मग इटलीत ते लष्कराचे ट्रक हाकायचे. लग्नाच्या हळदीचा रंग जायच्या आत त्यांची रजा संपली, आणि मग लढाई संपली तेव्हाच ते घरी आले. मधली सगळी वर्षं मी त्या घरात सून होते. बायको होण्याची वेळच आली नव्हती.

आले तेही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. त्यांच्या फौजेतल्या साहेबानं पुण्याच्या एका कारखानदाराकडं ड्रायव्हरची जागा बघून ठेवली होती. राहायला मोटारखान्यामागं एक खोली, एकट्या माणसाची. जेवायला बसल्यावर त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "आबा, आपली गाडी बेंदरापतुर चालती झाली तर मी हितंच भाड्यानं फिरवतो. कराड, आष्टा, सांगली. न्हाईतर पुन्याला जातो."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, पावसाळ्याच्या सुरुवातीचा. मी आत भाकरी थापत होते. मला कोणी काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. पण त्या घडीपासून ती कोंबड्यांची मोटार माझी झाली. ती चालली तर मला नवरा होता, नाही चालली तर नव्हता.

जुनं इंजिन आतून खाऊन गेलं होतं, त्याचे भाग कुठं मिळत नव्हते. मालकांनी पुण्याला लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात एक इंजिन धरलं. ट्रकचं, अलीकडचं, त्यांच्या हाताखालून गेलेल्या जातीचं. ते आगगाडीनं कराडपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं आमच्या दारात आलं. पाडव्याच्या पुढचेच दिवस होते. बघायला सगळी गल्ली लोटली. मोटारीत कधी न बसलेली माणसंसुद्धा मत देऊन गेली. ह्ये बसायचं न्हाई. बसंल, पर गाडी उलटी पळंल. ह्याला पेट्रोल कुठलं पुरायचं. मी पाण्याच्या कळशा नेता-आणता सगळं ऐकत होते आणि जळत होते. घरी जाऊन आपापली जनावरं सांभाळा म्हणावंसं वाटायचं, पण सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती.

इंजिन उचलायचं कसं, हा पहिला प्रश्न.

"कराडातनं साखळीची कप्पी आनतो," मालक म्हणाले.

"घरात मोटंचं चाक आसताना?" सासरे म्हणाले. "भरली मोट दिसभर वढनारी बैलं हायती माजी. ह्ये इंजान काय चीज हाय?"

झालं. चिंचेच्या आडव्या फांदीला विहिरीवरच्या मोटेचं चाक बांधलं. त्यावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, सोडला. नाड्याचं एक टोक जुन्या इंजिनाला साखळदंडानं आवळलं, दुसरं बैलांच्या जूला. सासरे नेहमीसारखे नाड्यावर बसले, कारण मोटेवर खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचं वजन बैलांच्या ओढीला मिळतं. त्यांनी आरोळी दिली, बैल पुढं गेले आणि इंजिन चटदिशी वर आलं. मालकांनी आणि दोघा चुलत दिरांनी मोटार मागं ढकलली. मग सासरे नाड्यावरून उतरले, बैल आपले आपण मागं सरत आले आणि इंजिन धपदिशी मोकळ्या जमिनीवर टेकलं.

गल्लीनं वाहवा केली. सासऱ्यांनी बैलांना गूळ चारला आणि मालकांकडं असं बघितलं, की इटलीत काय शिकून आलास ते आता सांग.

मला मात्र एक गोष्ट खटकली. माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं मेंढरं पुष्कळ, विहिरींना पाणी कमी, त्यामुळं मोटेचं मला अप्रूप होतं आणि सासरी आल्यापासून मी ती बघत राहायची. धावेच्या, म्हणजे विहिरीपुढच्या बैलांच्या उताराच्या, टोकाला गेलं की मोटकरी उतरतो, आणि तो उतरला की बैल कोणी न सांगता पाठमोरे मागं येतात, मोट पुन्हा विहिरीत जाते. बैलांना दिवसभर तेवढंच ठाऊक. जुनं इंजिन खालीच ठेवायचं होतं म्हणून ते जमलं. नवं इंजिन तर वर टांगून धरायचं होतं, खाली मोटार आणायची होती आणि मग बोट बोट उतरवत जागेवर बसवायचं होतं. मी मालकांना हे सांगायला गेले. ते गियरबॉक्सचं तोंड पुसत होते.

"आवं, बैलं मागं आली तर?"

"आबा हायती की धराया," ते म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मांडणी. तेच चाक, तोच नाडा, तीच आरोळी. नवं इंजिन वर चढलं आणि झुलत राहिलं. दिरांनी मोटार खाली सरकवली. मालक मोटारीच्या नाकात दोन्ही हात घालून वाकले, इंजिनाचे कान, म्हणजे ते ज्यांवर टेकतं ते आधार, कुठं बसतात ते चाचपायला. आणि बैल धावेच्या टोकाशी थांबतात तसे थांबलेले होते. सासऱ्यांचा जन्म मोटेवर गेलेला. बैल थांबले की उतरायचं, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी पाय उचलला.

"मामंजी, उतरू नगासा!" मी ओसरीवरून ओरडले. ते उतरले होते. बैल मागं सरायला लागले होते. मग मी जीव खाऊन ओरडले, "हात काडा!"

मालकांनी हात काढले. इंजिन धाडकन खाली आलं, रेडिएटर चेंबला, आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक कान मोडून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेला. बैल जागेवर येऊन शांत उभे राहिले. गुळाची वाट बघत असावेत.

आता कोणालाही वाटेल, की घरात बोलणं इंजिनावर झालं असेल. नाही. सुनेनं चारचौघांत सासऱ्यावर आवाज चढवला, यावर झालं. सासूबाई भांडी आपटत म्हणाल्या, "आटपाडीकडं असंच वराडत्यात व्हय? मेंढरं हाकायचा आवाज हाय निस्ता." सासरे दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्याले नाहीत. मालकांचे हात शाबूत राहिले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मालकांनीसुद्धा नाही. त्यांचं आपलं एकच, "कान मोडला, कान मोडला." मला त्या इंजिनाला लाथ घालावीशी वाटली.

बीड जोडणारा माणूस सांगलीला. इंजिन पुन्हा बैलगाडीत घालून तिकडं नेलं. तो आज देतो, उद्या देतो करत राहिला. आज त्याच्या घरी लग्न, उद्या भट्टीला कोळसा नाही. वैशाख गेला. मालक सांगलीला खेपा घालत होते, आणि एक दिवस मी त्यांना लष्करी ट्रंक उन्हात घालून झटकताना बघितलं. मी विचारलं, "ट्रंक कशापायी?" "वाळवी लागंल," म्हणाले. मला वाळवीचं सांगायला मी काय लहान पोर होते? त्या दिवशी माझ्या भाकरी करपल्या आणि त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली.

इंजिन परत आलं तेव्हा पाऊसकाळ लागला होता. आणि बेंदूर दोन दिवसांवर. मालक म्हणाले, "आता घाला बैलं." सासरे म्हणाले, "काल खांदमळणीचं लोनी काडून ठिवलंय. आता बेंदूर हुईपतुर खांद्याला जू लागायचं न्हाई." आणि ते खरंच होतं. बेंदराला बैलांच्या खांद्याला तूप-लोणी चोळतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात. कामाचं नाव काढत नाहीत. मालकांनी पान्हा चिखलात फेकला आणि परड्याबाहेर निघून गेले.

मी पान्हा उचलला, पदराला पुसला आणि सासूबाईंकडं गेले. त्यांच्याकडंच का गेले? कारण लेक पुण्याला जाऊ नये असं त्या घरात माझ्याइतकं फक्त त्यांनाच वाटत होतं, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, बेंदराला बैलं बसून ऱ्हात्यात. मानसंबी घरातच आसत्यात की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या उठल्या आणि घरोघर सांगून आल्या, की पोळी आमच्याकडं खायची, पण आधी नाडा ओढायचा.

आणि बेंदराच्या दिवशी आमच्या परड्यात असा देखावा होता, की शिंगांना हिंगूळ लावलेले बैल गोठ्यापुढं उभे राहून रवंथ करताहेत आणि गल्लीतले बाप्ये नाड्याला लागलेत. माणसं थांब म्हटलं की थांबत होती, सोड म्हटलं की बोट बोट सोडत होती. सासरे बाजूला बसून त्यांनाच आरोळी देत होते. इंजिन जागेवर बसलं. पुढं गियरबॉक्सशी जुळवायला लोहाराकडून पट्ट्या करून आणल्या, नाक पुढं काढलं, बॉनेट कायमचं अर्धं उघडं राहिलं. बेंदूर उलटला खरा, पण गाडी चालती झाली. साहेबाला नको म्हणून निरोप गेला. मी देवापुढं साखर ठेवली.

पहिली फेरी आष्ट्याला. सासूबाई पुढं बसल्या. मला जागा नव्हती.

मग पेट्रोलची कुपनं मिळवणं सुरू झालं, मग कराडच्या पहिल्या आगगाडीची शीटं, म्हणजे उतारू, मग सांगलीच्या पेठेतले गुळाचे व्यापारी. मालक उजाडायच्या आधी जात आणि सगळं घर निजल्यावर येत. पुढं पुढं सांगलीलाच गाडीत झोपायला लागले, कारण सकाळची शीटं तिथूनच मिळायची. बाया म्हणायच्या, लय नशिबाची हायस, नवरा गावातच ऱ्हायला. घरी असले तरी ते गाडीखाली असत. मला त्यांचे पाय दिसायचे.

एकदा माहेरी जत्रा होती. गाडी सुटायच्या आधी मी रेडिएटरसाठी पाणी घेऊन गेले आणि म्हटलं, "दोन दिस गाडी हुबी ठिवा की. आटपाडीला जाऊन यिऊ."

"हुबी ठिवली तर दुसरा कोनतरी लाइनीवर गाडी घालंल."

"पुन्याला गेला आसतासा तर?"

"तितं काय," ते पाणी ओतता ओतता म्हणाले, "दर ऐतवारी सुट्टी. वर्साला म्हैन्याची रजा, ती बी पगारी. आन् पुढं बायकोला आनायला दुसरी खोली दितो म्हनला हुता शेट."

त्यांनी रिकामी कळशी माझ्या हातात दिली. मला रडू आलं नाही, राग आला. पण तो कोणावर काढावा ते सुचेना. गाडीत शीटं दाटीवाटीनं बसली होती, एकजण "चला की ओ" म्हणत होता. मालकांनी झाकण लावलं, पुढं होऊन हँडल मारलं, आणि मेलं ते इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं.