एक्स्टेंशन एकशे एक

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की माझं लक्ष समोरच्या भाजलेल्या शेंगांकडे असतं. कोड लिहून पोट भरणारी बाई मी... जे लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप ठेवलेल्या नोंदीत, दिसत नाही ते झालंच नाही, असं मानणारी. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. पण यातलं बरंचसं लॉगमध्येच आहे, तिथेच तर पंचाईत झालीय.

मी रत्नागिरीची. शिकले इथेच, स्वतःचं कामही इथेच सुरू केलं. त्यासाठी पुण्याची नोकरी सोडली तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं मी इथे बसून उभं केलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. जरा जास्तच आहे, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

जयगडच्या रस्त्याला, वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, हमीदभाईंचा कारखाना आहे. कोळंबी, सुरमई गोठवून परदेशी पाठवतात. हमीदभाईंनी बरीच वर्षं कुवेतला काढली आणि परत आल्यावर हे सुरू केलं. त्यांनी कारखानाभर इंटरनेटवर चालणारे फोन बसवले. दिसायला टेबलावरचे साधे फोन, पण रंगीत स्क्रीनचे. लोक त्यावर नुसते बोलायचे. मी म्हटलं, "हमीदभाई, एवढा मोठा स्क्रीन काय घड्याळ बघायला घेतलात?" आणि त्या स्क्रीनवर चालणारं ॲप्लिकेशन मी लिहून दिलं. एक बटण दाबलं की प्रत्येक कोल्ड रूमचं तापमान, दुसरं दाबलं की गेटवर कुठली गाडी उभी आहे ते, तिसऱ्यावर कुठली ऑर्डर कुठवर पॅक झाली ते. कोल्ड रूमचं दार उघडं राहिलं तर फोन बोंबलायला लागायचा. कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या बायकासुद्धा जाता-येता भिंतीवरच्या फोनवर बघून घ्यायच्या. काय छान वाटायचं म्हणून सांगू!

फोनवर सगळ्यांच्या नावांची डिरेक्टरी भरत होते, तेव्हा गेटवरचे वॉचमन तात्या येऊन उभे राहिले.

"बाय, राखणदाराचा नंबर टाकलास काय?"

राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा, न दिसणारा देव. कारखान्यामागे उंबर आहे, त्याच्या मुळाशी जांभ्याचा एक दगड. जमीन घेतली तेव्हापासून हमीदभाईंच्या सांगण्यावरून तात्या तिथे दरवर्षी नारळ ठेवतात.

मी हसले. "तात्या, त्याला फोन कुठे आहे?"

"फोन नसूदे गो. हितं नवीन कायपण करायचं तर त्येच्या कानावर घालाया पायजे. जागा त्येची हाय."

मी हमीदभाईंकडे पाहिलं, म्हटलं हे तरी माझी बाजू घेतील. तर ते म्हणाले, "तात्या बोलतोय तर टाक ना. एक नाव वाढला म्हणून फोन काय जड होणार हाय?"

टाकलं. 'राखणदार', एक्स्टेंशन एकशे एक. नारळासोबत ठेवतात ना एकशे एक रुपये, तेवढाच माझा विनोद. नुसतं डिरेक्टरीतलं नाव. त्या नंबरला फोन जोडला नाही, पासवर्ड तयार केला नाही, आणि पासवर्डशिवाय कुठल्याही नंबरवरून फोन लागत नाही. हे लक्षात ठेवा.

मग तो दिवस आला. मुंबईच्या एका कंपनीचे दोघे, एक साहेब आणि एक मॅडम, माझं काम बघायला आले. त्यांचे असे अनेक कारखाने. पसंत पडलं तर सगळीकडे मीच करणार होते... माझ्या छोट्याशा ऑफिसला दुसरं काय हवं! हमीदभाईंच्या केबिनमध्ये भर दुपारी, बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत डेमो सुरू झाला. मी अगदी रंगात आले होते. आणि समोरचा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव— राखणदार. १०१.

साहेब हसले. "हे कोण? तुमचे सिक्युरिटी हेड का?"

माझे कान गरम झाले. मी कॉल कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट करणार, तेवढ्यात हमीदभाईंनी हात पुढे करून स्पीकर लावला.

पलीकडून कोणी बोललं नाही. नुसती एक घरघर... आणि मी ती ओळखली. कोल्ड रूममधल्या पंख्याची. सेन्सर बसवताना मी त्या आवाजात जॅकेट घालून कुडकुडत काम केलं होतं. ऐकता ऐकता स्क्रीन आपोआप बदलला आणि दोन नंबरच्या कोल्ड रूमचं पान आलं. कुणीही बटण दाबलं नव्हतं. तापमान बरोबर, दार बंद, सगळं हिरवं.

"सगळं ओके आहे," मी घाईघाईने म्हणाले. पाहुण्यांसमोर माझी लाज जात होती हो!

"ओके हाय तर फोन कशाला करतोय?" हमीदभाई म्हणाले आणि धावलेच. त्यांच्यामागे आम्ही.

दार उघडलं. आत, दाराशेजारी भिंतीला टेकून शारदाताई बसल्या होत्या. पॅकिंगच्या सुपरवायझर. ओठ निळे, डोळे अर्धवट मिटलेले. आतली कडी गोठून अडकली होती. जेवायला गेल्या असतील, असंच सगळ्यांना वाटलेलं. आत फोन नाही, मोबाइल न्यायला परवानगी नाही. मॅडमनी आपली शाल काढून त्यांना गुंडाळली. डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मी मात्र तिथल्या तिथे रडायला लागले. कुणाच्या लक्षात आलं असेल तर असो.

दारं दुरुस्त झाली. 'आत कोण आहे' असं नवीन पान मी आठवड्याच्या आत लिहिलं, आणि ते माझं सगळ्यात देखणं काम आहे.

लॉग मी कितीदा तपासला! कॉल आहेत. एकशे एकवरूनच आहेत. कुठल्या फोनवरून, तो रकाना रिकामा. फोन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, असं होऊच शकत नाही, कुणीतरी मस्करी केली असेल. केली असेल, पण पासवर्ड नसलेल्या नंबरवरून ती करायची कशी?

मुंबईचं काम मला मिळालं. साहेबांनी एकच अट घातली: ते नाव काढा, ऑडिटला बरं दिसत नाही. मी सरळ सांगितलं, तुमच्याकडे नको तर नको, इथलं निघणार नाही. हमीदभाई म्हणाले, "त्येचा नाव काढणार तर माझा पण काढा." विषय संपला. निघताना मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आमच्या कारखान्यांत हे नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, "तिथल्या माणसांना विचारा."

शारदाताई बऱ्या होऊन कामावर आल्या. आता कोल्ड रूममध्ये जाण्याआधी त्या बाहेरच्या फोनवरून एकशे एक लावतात. म्हणतात, "मी आत जातंय हां," आणि ठेवतात. जिथे फोनच नाही तिथे रिंग जायला नको, लगेच कट व्हायला हवं. मी शेजारी उभी राहून ऐकलंय. रिंग जाते. का जाते, मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?

परवा त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "बाय, आज उचलला हां."

"काय म्हणाला?"

"बोलला नाय काय. पण ऐकून घेतलान." आणि जॅकेटची चेन लावून त्या आत गेल्या.